नवस फेडायची घाई

अक्का, तुझा तेरावा झाला. मांडव उतरला, पाहुणे आपापल्या गाड्यांनी गेले आणि मी परत परभणीला माझ्या घरी येऊन बसले आहे. आता तुला काही सांगायला गेलं तर "ये, गप गं सुमे" म्हणून तू मध्येच तोडणार नाहीस. जन्मभर मी तुझ्यासमोर एक वाक्य धड पूर्ण केलं नाही. शाळेत वर्गभर पोरांना एका हाकेत गप्प करणारी बाई मी, पण तुझ्या ओसरीवर पाय ठेवला की तीच दोन वेण्यांची, नाक वाहणारी धाकटी बहीण. आता बोलायला मोकळीक मिळाली तर ऐकायला तू नाहीस, म्हणून लिहायला बसले.

तुझ्याबद्दल चार चांगल्या गोष्टी सगळ्यांनी सांगून झाल्या. कष्टाळू होती, शेरडं-मेंढरं लेकरांसारखी सांभाळली, नवऱ्यामागं संसार उभा केला, दारातून कुणी उपाशी गेलं नाही. सगळं खरं. पण तू हट्टी होतीस, हे कुणीच बोललं नाही. गेलेल्या माणसाबद्दल तसं बोलत नाहीत म्हणे. मी बोलणार आहे. आपला वाद अर्धा राहिलाय आणि तू मध्येच उठून गेलीस. ही काय रीत झाली का?

सुगीचे दिवस होते तेव्हा. पालमला उतरून मी तुझ्या गावी आले, तर शेरडांमागं जायच्या वेळेला तू भिंतीला टेकून बसलेली. चेहरा पांढराफटक, ओठसुद्धा पांढरे. काय झालंय विचारलं तर म्हणालीस, "काई न्हाई, जरा उष्णता झालीय." ताकास तूर लागू दिली नाहीस. शेवटी तुझ्या सुनेनं, शीलानं, मला पाणी काढायच्या निमित्तानं मागं नेलं आणि हळूच सांगितलं, "मावशी, आत्याबाईला परसाकडं रगत जायलंय. कव्हाचंच हाय. म्हणतेत मूळव्याध हाय, कुणाला सांगितलं तर बग म्हणून मला आन घातलीय."

मी तुला तशीच उचलून परभणीला आणलं. उचलून म्हणजे काय, भांडून. रक्त तपासलं तर अंगात रक्तच नाही म्हणाले. खालून दुर्बिणीची नळी घालून आतडं बघावं लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा तू पदर तोंडाला लावून माझ्याकडे असं बघितलंस, जसं काही ती नळी मीच शोधून काढली होती.

आणि ते औषध! पाकिटातली पावडर भांडंभर पाण्यात कालवायची आणि पीत राहायचं, आतडं धुऊन निघेपर्यंत. माझ्या घरात संडास एकच. आमच्या ह्यांना तू हुकूम सोडलास, "पाव्हणे, तुमी आज शेजाऱ्याकडं जावा." तेही बिचारे टॉवेल घेऊन गेले. दुपारभर तुझ्या खेपा चालल्या होत्या आणि प्रत्येक खेपेला बाहेर येऊन तू काहीतरी बोलून जात होतीस. एकदा म्हणालीस, "सुमे, हे तर हिरीतला गाळ काढल्यावानी झालं गं. तळ दिसंस्तोर उपसायलेत." मी इतकी हसले, की हातातला पेला सांडला. त्या दिवशी आपण दोघी माहेरी असल्यासारख्या हसलो. आजारपणात माणूस हसतं हे मला तेव्हा कळलं.

नळीतून जे दिसलं त्याचे फोटो घेऊन आपण नांदेडला त्यातल्या मोठ्या डॉक्टरांकडे गेलो. तरुण होते ते. त्यांनी तुला समोर बसवून समजावलं. म्हणाले, आतड्याच्या आतल्या अंगाला ही वाढ झालीय, हिला पॉलिप म्हणतात. पुष्कळदा पॉलिप देठावर उभा असतो, कुत्र्याच्या छत्रीसारखा. देठ पकडून कापला की झालं. तुमचा मात्र चपटा आहे आणि रुंद पसरलाय. तो आज कॅन्सर नाही असं दिसतंय, पण ठेवला तर होणार.

"भाकर थापल्यावानी पसरलाय व्हय?" तू विचारलंस.

"बरोबर. भाकरीसारखा."

मग त्यांनी दोन वाटा सांगितल्या. एक, पोट उघडून आतड्याचा तेवढा भाग कापून काढायचा. दुसरी, पोटाला हात न लावता नळीतूनच ती वाढ सोलून काढायची. तुझा मुलगा बालाजी म्हणाला, एकदाचं फाडून काढा, कटकट मिटेल. तू त्याला डोळ्यांनीच बसवलंस. "पोट फाडून मला खाटंवर घातल्यावर शेरडामागं कोण जाईल, तू? सकाळी तुला उठवायला डफडं वाजवावं लागतंय."

पण नळीतून सोलणार कसं, हा तुझा प्रश्न होता. डॉक्टर म्हणाले, वाढीच्या खाली बारीक सुईनं औषधाचं पाणी सोडायचं, म्हणजे ती फुगून वर उचलली जाते आणि खालच्या स्नायूपासून सुटी होते. मग तारेच्या फासात धरून कापायची. पाणी न सोडता कापलं तर आतड्याला भोक पडेल.

तू एकदम खूश झालीस. "आस्सं! बोकड सोलताना मागच्या पायाला चीर देऊन फुकतेत की. वारा भरला का कातडं कसं मासापासून सुटून येतंय. न्हाई फुकलं तर कातड्याला भोकं पडतेत." डॉक्टर हसले आणि म्हणाले, आजी, हेच. तेवढ्यावर तुझी भीती गेली. जे काम आपल्या दारात होतं तेच हे लोक मशीननं करतात, एवढंच तुला हवं होतं. मला मात्र बोकडाचं नाव त्या खोलीत निघालेलं बरं वाटलं नव्हतं. का ते तेव्हा सांगता आलं नसतं.

आत नेण्याच्या आधी तू दवाखान्याच्या फाटकाशी जाऊन उभी राहिलीस. पदराच्या गाठीतला भंडारा काढलास, कपाळाला लावलास, थोडा माझ्याही कपाळाला फासलास आणि खंडोबाला बोलून टाकलंस, की ह्यातनं सुखरूप बाहेर काढ, भावकीला जेवण घालून बोकड देईन. मी म्हटलं, "देवाला डॉक्टरचं काम का सांगायलीस?" तू म्हणालीस, "डॉक्टरचा हात देवच धरतो. तुला शाळा शिकून एवढं बी कळंना."

तुला आत नेल्यावर किती तरी वेळ दार उघडलंच नाही. तुझ्यानंतर दुसऱ्या खोलीत गेलेले दोन-चार पेशंट बाहेर येऊन चहा पिऊन घरीसुद्धा गेले. मला वाटायला लागलं, भोक पडलं. बालाजी जिन्यात उकिडवा बसून राहिला होता. शेवटी डॉक्टर आले, कपाळावर टोपीचा वळ उठलेला, आणि म्हणाले, सगळं निघालं. एका तुकड्यात नाही निघालं, फार रुंद होतं; तुकडे तुकडे करून काढलं, कडा भाजून घेतल्या. तू झोपेच्या इंजेक्शनातून उठलीस ती थेट, "झालं? टाका न्हाईत? मंग चला की घरी," म्हणतच.

तुकड्यांचा रिपोर्ट आला. कॅन्सर झालेला नव्हता. अगदी वेळेवर आलात, असं डॉक्टर म्हणाले. आणि मग त्यांनी जे सांगितलं ते मी तुझ्या शेजारी बसून ऐकलंय अक्का, म्हणून तू नाकारू शकत नाहीस. ते म्हणाले, सहा महिन्यांनी परत नळी घालून बघायचं. तुकड्यातुकड्यानं काढलंय, कडेला कण राहिला असेल तर तो परत वाढतो. लहान असतानाच सापडला तर काढणं सोपं आहे. पण बघितलंच नाही, तर मी हमी देणार नाही. तू मान हलवत "हाव, हाव" म्हणत होतीस. ते हाव कसले होते, हे मला पुढं कळलं.

चंपाषष्ठी तोंडावर आली होती. तू घरी पोचलीस आणि दुसरं काही बोललीच नाहीस, नवस, नवस, नवस. मी फोनवर सांगितलं, अगं, सहा महिन्यांची तपासणी होऊ दे, मग निवांत फेडू. तू म्हणालीस, "देवाचं दारात ठेवून मला झोप यील का? काम झालं का फेडून मोकळं व्हावं." आपल्याकडं तशी रीतच आहे. बोललेला नवस रेंगाळला तर देव रुसतो, असं आई सांगायची. त्यामुळं मलाही फार ताणता येईना.

जेवण मोठं झालं. लांब चिंचेखाली चुली मांडल्या होत्या, भावकी झाडून आली होती, ऊसतोडीला गेलेले तेवढेच नव्हते. तू नवं लुगडं नेसून पंगतीतून फिरत होतीस आणि प्रत्येकाला सांगत होतीस, "माजा रोग गेला बगा. देवानं पोटाला टाका बी पडू दिला न्हाई." लोक हात जोडत होते. वाघ्यानं तुझ्या कपाळाला भंडारा लावला तेव्हा तू लहान मुलीसारखी डोळे मिटून उभी राहिलीस. इतकी आनंदी मी तुला तुझ्या लग्नातही पाहिली नव्हती. गंगेत घोडं न्हालं, असं मी ह्यांना येताना म्हणाले.

सहा महिने झाले आणि मी बोलावायला आले. उन्हाळा होता. तू पाठरं, शेरडांची पिल्लं, सावलीला बांधत होतीस. मी नांदेडची तारीख घेऊन ठेवली होती.

"कशाची तारीख?" तू म्हणालीस. "माजा नवस फिटलाय."

"नवस फिटला, पण तपासायचं राहिलंय की."

"तपासायचं काय? देवाला बोकड देऊन सांगितलं, काम झालं. आता परत नळी घालून बगितलं म्हंजी त्याला काय म्हणायचं? तुजं काम कच्चं हाय का काय, म्हणून बगायलाव?"

"देवाचं काम पक्कंच असंल. डॉक्टर माणूस आहे. त्याच्या हातून एखादा कण राहिला असंल."

"त्याचा हात देवानंच धरला होता."

"अक्का, एकदा खुरपलं म्हणून तू वावर सोडून देतीस का? महिन्याला परत बघतीसच की, गवत उगवलं का म्हणून."

मला वाटलं, जिंकले. मग पाठराच्या गळ्यातली गाठ आवळत म्हणालीस, "वावराचा नवस बोलले न्हवते मी."

पालथ्या घड्यावर पाणी. मग मी दुसरी वाट धरली. कुरडया करायला ये म्हणून तुला परभणीला बोलावलं. तू गव्हाचा चीक काढायची तयारी करून, साचा पिशवीत घालून आलीस. चहा पिता पिता तुझी नजर फळीवर गेली. तुला अक्षर वाचता येत नव्हतं, पण ते पावडरचं पाकीट तू लांबून ओळखलंस. कप खाली ठेवलास. "पालमची बस कव्हा हाय?" एवढंच विचारलंस. मी आडवी पडले, रडले, ह्यांनीही हात जोडले. तू साचा पिशवीत घातलास आणि निघालीस. बसस्टँडवर मी तुझ्या शेजारी बसून होते आणि तू समोरच्या रसवंतीकडे बघत बसलीस. त्या वर्षी आमच्या घरात कुरडया झाल्याच नाहीत.

नंतर किती तरी दिवस तू बोलली नाहीस. येळवस, वावरात जेवायची अमावास्या, आली तेव्हा तुझाच निरोप आला, की वावरात या, आंबील-भज्जी केलीय. मी आले. कडब्याच्या कोपीशेजारी बसून तू माझ्या ताटात भज्जी वाढलीस, एक पळी झाली, दुसरी झाली, नको म्हटलं तरी तिसरी. पोरं लांब खेळत होती. मी परत विषय काढणार हे तुला ठाऊक होतं, म्हणून तूच आधी बोललीस.

"सुमे, तुला वाटतंय अक्का येडी हाय. मला कळत न्हाई का, डॉक्टर काय म्हणला ते? पर सगळ्या भावकीनं जेवलंय गं. मी माज्या तोंडानं सांगितलंय, रोग गेला. आता परत दवाखान्यात गेले तर लोक काय म्हणतेल? हिचा नवस देवानं घेतला न्हाई. कामून घेतला न्हाई? हिचंच काय तरी चुकलं आसंल. मंग माज्या सुनंला, नातीला त्येच ऐकत बसावं लागंल. आन देवाचं बी नाव खराब."

तुला देवाची लाज राखायची होती. भावकीच्या तोंडात देवाचं नाव खराब व्हायला नको, म्हणून तू तुझं आतडं पणाला लावलं होतंस. मला इतका राग आला की मी ताट तसंच ठेवून विहिरीकडे गेले. माघारी आले तर तू ते ताट झाकून ठेवलं होतंस. "राग भाकरीवर काडू न्हाई," म्हणालीस. मी जेवले.

आणि तू ठणठणीत होतीस, हेच सगळ्यात वाईट झालं. गालावर रक्त आलं, शेरडांमागं पहिल्यासारखी डोंगरापर्यंत जायला लागलीस. भेटलीस की मुद्दाम डोक्यावर गवताचा भारा घेऊन दाखवायचीस. "बग, हाय का कुटं काई?" बालाजी म्हणायचा, "मावशी, आता नगं डिवचू तिला." आत, दिसणार नाही अशा ठिकाणी, कडेला राहिलेला कण काय करत होता, ते त्या भाऱ्याकडे बघून कुणाला कळणार? डॉक्टर म्हणाले होतेच, हे दुखत नाही. दुखलं असतं तर तू ऐकलं असतंस, असं मला अजून वाटतं.

या पावसाळ्याच्या आधी परत रक्त जायला लागलं. ते तू कुणालाच सांगितलं नाहीस, शीलालाही नाही. पहिल्यांदा लपवलंस ते लाजेनं. या खेपेला लपवलंस ते देवासाठी. हे कळलं तेव्हा मला तुझ्या त्या खंडोबाचाही राग आला, अक्का. लिहून टाकते, कारण मनात ठेवून त्याच्यासमोर हात जोडता येत नाहीत. आणि पुन्हा वाटतं, त्यानं काय केलं? त्यानं कधी सांगितलं होतं, की परत बघू नका म्हणून?

तू वावरात पडलीस तेव्हा बालाजीनं तुला नांदेडला नेलं आणि मी परभणीहून गेले. तेच डॉक्टर, तीच खोली. पहिल्या खेपेला दार उघडायला इतका वेळ लागला म्हणून मी घाबरले होते. या खेपेला दार इतक्या लवकर उघडलं, की त्यानंच मी घाबरले. आता त्यात सोलण्यासारखं काही उरलं नव्हतं. सगळं खाली मुरलं होतं, पाणी सोडलं तरी उचललं जात नव्हतं. पुढच्या फोटोंत ते यकृतातही दिसलं. डॉक्टर तुझ्यावर रागावले नाहीत. खाली बघत त्यांनी विचारलं, "आजी, मध्ये का आला नाहीत?"

मी तुझ्याकडे बघत होते. मला वाटलं, आता नवसाचं निघणार. तू म्हणालीस, "शेरडं होती सायेब. त्येंच्यामागं कोन जाणार?"

एवढंच. देवाचं नाव तू तिथंही घेतलं नाहीस. सगळं आपल्या अंगावर घेतलंस, बिचाऱ्या शेरडांच्याही अंगावर घातलंस. त्या क्षणी मला तुझ्या पायावर डोकं ठेवावंसं वाटलं आणि तुला एक थोबाडीत द्यावीशीही वाटली. दोन्हीतलं काहीच केलं नाही. पाण्याची बाटली उघडून दिली.

मग तू डॉक्टरांना एक प्रश्न विचारलास. "हे घरात दुसऱ्याला बी होतंय का?" ते म्हणाले, होऊ शकतं, सख्ख्या भावंडांनी आणि मुलांनी दुर्बिणीनं तपासून घ्यायला पाहिजे. तू मान वळवून माझ्याकडे बघितलंस. बालाजीकडे नंतर बघितलंस, आधी माझ्याकडे.

"सुमे, तू दाखीव."

"आधी तुझं बघू," मी म्हणाले.

पुढचे दिवस मला नीट सांगता येत नाहीत. तुझ्या ओसरीवर खाट टाकली होती, तिथून तुला गोठा दिसायचा. तुला पेज भरवताना माझ्या जिभेवर एक वाक्य यायचं, ‘मी सांगितलं होतं’. ते मी गिळत राहिले. तुझ्याही ओठावर काहीतरी असायचं. कधी कधी तू माझं मनगट धरायचीस आणि बोलण्यासाठी तोंड उघडायचीस, मग म्हणायचीस, "शाळा बुडायली तुजी." एकदाही म्हणाली नाहीस, की सुमे, तुझं खरं होतं. मी वाट बघत होते, हे कबूल करते. मरणाच्या दारातल्या माणसाकडून वाद जिंकायची वाट बघणारी बहीण तुझ्या वाट्याला आली. आणि रोज संध्याकाळी मी निघाले की तू एकच विचारायचीस, "दाखवलंस का?" मी म्हणायचे, दाखवीन. मला भीती वाटत होती, अक्का. तुझ्या खाटेशेजारी बसून त्या नळीचा विचारही नको वाटायचा. एका सकाळी शीलाचा फोन आला आणि विचारणारं कुणी उरलं नाही.

तेराव्याचं जेवण झाल्यावर मी पिशवी उचलली तर शीला म्हणाली, "मावशी, थांबा जरा. तुमचं दाखवायचं राहिलंय." ती मला गोठ्यात घेऊन गेली. कोपऱ्यात एक काळं पाठरू वेगळं बांधलं होतं, पोळ्याच्या आसपास जन्मलेलं. त्याचा डावा कान टोकाला कातरलेला, कपाळावर भंडारा. देवाला सोडलेलं.

"ह्ये कुणाचं?" मी विचारलं. मला वाटलं, तू शेवटी स्वतःसाठीच बोलून गेलीस.

"तुमच्या नावाचं," शीला म्हणाली. "आत्याबाईनं खाटंवरूनच कान कातरून घेतला. मला आन घातलीय. म्हणल्या, सुमीनं नळी घालून दाखवलं, काय निघालं तर काडलं, म्हणून लगेच कापायचं न्हाई. डॉक्टर म्हणल ती मुदत जाऊ द्यायची. परत एकदा आतून बगून काई न्हाई म्हणले, मंग भावकीला बोलवायचं. त्येच्या आधी कुणी सुरी लावायची न्हाई."

मी तिथंच कडब्यावर बसले.

"मी म्हणले," शीला सांगत होती, "आत्याबाई, इतके दिवस नवस ठेवला तर देव रागवंल की. तर म्हणल्या, न्हाई रागवत. मी त्येला सांगून ठेवलंय, जरा दम धर म्हणून. माज्या नवसाच्या येळंला मला त्येला विचारायचं सुचलं न्हाई, म्हणल्या."

पाठरानं माझ्या पदराचं टोक तोंडात धरलं होतं. मी ते सोडवून घेतलं नाही. तुझं सगळं बोलणं मला मिळालं होतं, आणि माझं उत्तर ऐकायला तू नव्हतीस. मला इतकं रडू आलं, की शीलानं घाबरून बालाजीला हाक मारली.

काल मी दवाखान्यात नाव दिलं. बालाजीचंही दिलं, तो नको म्हणाला तेव्हा तुझ्यासारखेच डोळे वटारले. उद्या सकाळी माझी नळी आहे. पावडरचं पाकीट भांड्यात कालवून ठेवलंय, आमचे हे न सांगताच टॉवेल घेऊन शेजारी गेलेत. पहिला पेला समोर आहे. वास तोच. काय निघेल मला माहीत नाही. भीती आहे, ती कमी झालेली नाही. पण आतून बघून येणार आहे, आणि ते सांगतील तेव्हा परतही जाणार आहे, हे तुला सांगायचं होतं.

शीलाला फोन करून सांगितलंय, की त्या पाठराला बाकीच्यांसारखंच चरायला सोड, लाडानं वेगळं बांधून ठेवू नको. चांगलं मोठं होऊ दे त्याला. म्हातारा बोकड झाला तरी चालेल.